पत्र, प्रस्तावना आणि टेबल



जून लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन कामांची घाई एकदमच सुरू होते. शेतात धानाचे पऱ्हे टाकायचे असतात आणि घरात पोरीच्या प्रवेशाचे कागद गोळा करायचे असतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, दोन फोटो. पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसर, मोहाडी, कुठलाही तालुका घ्या, एसटीच्या थांब्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभी असलेली एक मुलगी आणि तिच्यासोबत तिची आई दिसतेच.

प्रवेश झाला की कॉलेजात एक नवा शब्द कानावर पडतो. तो म्हणजे मेंटॉर. वीस-पंचवीस मुलं एका प्राध्यापकाकडे सोपवलेली असतात. त्यांची वही असते, बैठकीची तारीख असते, सही असते. महाविद्यालयांची तपासणी करणारी नॅक ही संस्था किती मुलांमागे एक मेंटॉर आहे हेही विचारते. शब्द नवा असला तरी काम जुनं आहे. आज मी त्या कामाचा थोडा इतिहास सांगणार आहे. उच्च शिक्षणातला शिक्षक आपल्या विद्यार्थ्यासाठी नेमकं काय करतो? आशीर्वाद देतो, मार्गदर्शन करतो, हे आपण भाषणात म्हणतो. पण इतिहासात शोधायला गेलं तर अगदी साध्या वस्तू हाती लागतात. एक पत्र, पुस्तकाची एक प्रस्तावना आणि प्रयोगशाळेतलं एक टेबल.

पहिली गोष्ट पत्राची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आणि भंडाऱ्याचं नातं इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तेव्हा बाबासाहेब इथून उभे होते. तब्येत खालावलेली होती, तरी ते आले, बोलले. ती निवडणूक ते हरले. पण ज्यांच्या आजी-आजोबांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं, अशी घरं आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. भंडाऱ्यात मत मागायला आलेल्या या माणसाकडे तेव्हा न्यूयॉर्क आणि लंडन अशा दोन शहरांतल्या विद्यापीठांच्या मोठ्या पदव्या होत्या. त्या मिळाल्या त्यांच्या बुद्धीमुळे आणि कष्टामुळे, यात शंका नाही. पण त्या वाटेवर ठिकठिकाणी शिक्षक उभे होते, हेही तितकंच खरं.

सुरुवात मुंबईत झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजची फी भरणं घराला झेपेना, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून मदत मिळावी म्हणून याच गुरुजींनी खटपट केली. एल्फिन्स्टन कॉलेजात मुलर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी भीमरावांना वाचायला पुस्तकं दिली आणि अंगावर घालायला कपडेही दिले. कपड्यांची ही गोष्ट लहान वाटते. पण ज्या मुलाला वर्गात बसताना आपल्या सदऱ्याची लाज वाटते, त्याचं लक्ष फळ्याकडे किती राहील, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

१९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन. संशोधन कोणत्या पद्धतीनं करावं, असं भीमरावांनी त्यांना विचारलं. तुझं काम मन लावून करत राहा, पद्धत त्यातूनच तुला सापडेल, या अर्थाचं उत्तर सेलिग्मन यांनी दिलं. तयार साचा हातात दिला नाही, आणि मुलाला वाऱ्यावरही सोडलं नाही.

मग १९१६ साली भीमराव लंडनला निघाले. अमेरिकेतलं शिक्षण लंडनमध्ये कोण ओळखणार? तिथे कामी आलं ते पत्र. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्या नावे शिफारस लिहून दिली. एका देशातल्या प्राध्यापकानं दुसऱ्या देशातल्या प्राध्यापकाला कळवलं की हा विद्यार्थी चांगला आहे, याच्याकडे लक्ष द्या. कागद एकच. पण ज्याच्या घरात, गावात, नात्यात कॉलेजात ओळखीचं कोणीच नसतं, त्याच्यासाठी तो कागद म्हणजेच ओळख. श्रीमंताच्या मुलाला असं पत्र फारसं लागत नाही. त्याचे काका-मामा तिथे आधीच पोचलेले असतात.

पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. पण लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी दिली. ही गोष्ट मैत्रिणींनो लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे किती मुलींचं शिक्षण मध्येच सुटतं. लग्न, बाळंतपण, सासऱ्याचं आजारपण. सुटलं ते सुटलं, असं आपण धरून चालतो. बाबासाहेबांचंही सुटलं होतं. दार मात्र उघडं राहिलं होतं. ते १९२० मध्ये परत गेले. साठवलेले पैसे, एका पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, यांवर त्यांनी राहिलेलं शिक्षण पुरं केलं.

आता दुसरी वस्तू. प्रस्तावना.

लंडनमध्ये बाबासाहेबांचे प्राध्यापक होते एडविन कॅनन. नाणं आणि चलन यांवरचे ते मोठे जाणकार. बाबासाहेबांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर त्यात कडक टीका होती. परीक्षकांनी आधी तो दुरुस्तीसाठी परत पाठवला, मग मान्य केला, आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी प्रबंधाचं पुस्तक निघालं आणि त्याला प्रस्तावना लिहिली कॅनन यांनी.

या प्रस्तावनेत कौतुक आहे, पण नुसतं कौतुक नाही. आपल्याला या विद्यार्थ्याची बरीच मतं पटत नाहीत, असं कॅनन यांनी त्यात उघड सांगितलं आहे. जिथे पटत नाही तिथेही त्याच्या विचारात ताजेपणा आहे, असं त्यांचं म्हणणं. विचार करा. साम्राज्याच्या राजधानीतला नावाजलेला प्राध्यापक, आणि गुलाम देशातला विद्यार्थी. मत जुळत नाही, तरी पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्राध्यापक आपलं नाव घालतो. माझ्यासारखं बोल तरच तुला पुढे नेतो, असं तो म्हणत नाही. १९२५ मध्ये बाबासाहेबांचं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना होती कोलंबियाच्या सेलिग्मन यांची. मुलगा आपलं विद्यापीठ सोडून गेला त्याला तोवर नऊ वर्षं झाली होती. तरी नातं संपलेलं नव्हतं.

सगळ्यांनाच असे शिक्षक मिळाले नाहीत. याच सुमारास आपल्या महाराष्ट्राची एक मुलगी जर्मनीत शिकत होती. इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांची सून. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकून ती बर्लिनला गेली. ज्या महर्षींनी १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढलं, त्यांनाच सुनेचं परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवरा, दिनकर कर्वे, तिच्या पाठीशी उभा राहिला. तो स्वतः जर्मनीत शिकून आलेला रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता.

बर्लिनमध्ये इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. माणसांच्या वंशात उच्चनीच असते, असं मानणारा हा शास्त्रज्ञ. पुढे नाझींच्या वंशवादाला त्याच्या विचारांचा आधार मिळाला. त्यानं इरावतीबाईंना कवट्या मोजायचं काम दिलं. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो, त्याचा वंशाशी संबंध आहे, असं त्याला दाखवायचं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि निष्कर्ष लिहिला की असा संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच माणसाच्या मताविरुद्ध त्यांनी हे लिहिलं. १९३० च्या सुमारास पदवी घेऊन त्या परत आल्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं.

कॅनन आणि फिशर या दोघांची तुलना केली की एक गोष्ट स्पष्ट होते. विद्यार्थ्याचं मत आपल्या विरुद्ध गेलं की शिक्षकाची खरी परीक्षा सुरू होते. गाइड चांगला आहे की नाही हे पाहायचं असेल, तर त्याच्या जुन्या विद्यार्थिनींना एवढंच विचारावं की सरांशी कधी मतभेद झाला का, आणि झाला तेव्हा सर कसे वागले.

आता तिसरी वस्तू. टेबल. ही गोष्ट कमला सोहोनी यांची.

माहेरच्या त्या कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. घरात विज्ञान होतं. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सुरुवातीच्या काळात शिकलेले. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, आणि गुण पहिल्या क्रमांकाचे. वडील-काका शिकले त्याच संस्थेत त्यांनी अर्ज केला. मुलगी आहे म्हणून अर्ज नाकारला गेला.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिकाचे मानकरी, देशाचा अभिमान. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. नकाराचं कारण विचारलं. आपण इथून हलणार नाही, असं सांगितलं. तो काळ सत्याग्रहाचा, आणि त्यांनी केला तो सत्याग्रहच होता. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी धरल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगेल तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावं लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

ही शेवटची अट पुन्हा ऐका. मुलं बिघडली तर दोष मुलीचा. शाळेच्या वाटेवर कोणी छेड काढली की मुलीचीच शाळा बंद करायची, तसलाच हा न्याय. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण दुसरी वाट नव्हती. पण तो अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. साठ वर्षांनंतर, म्हातारपणी, स्त्री-शास्त्रज्ञांच्या सभेत बोलतानाही त्यांनी तो सांगितला. रामन मोठे शास्त्रज्ञ होते हे त्यांनी नाकारलं नाही. मोठ्या माणसाची दृष्टीही कोती असू शकते, हेही लपवलं नाही.

त्याच संस्थेत त्यांना मार्गदर्शक मिळाले ते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवायला हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. आपल्या भागात धानाच्या बांधीत लाखोळी, उडीद, मूग पेरले जातात. गरिबाच्या ताटात प्रथिनं येतात ती याच डाळींतून. त्या डाळींकडे एका मुलीनं प्रयोगशाळेत बसून पाहिलं, तेव्हा भारतात असं काम करणारे फार थोडे होते. वर्षभर तिचं काम पाहून रामन यांनी तिला नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाबाई विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या.

मग शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला, केंब्रिजला गेल्या. नोबेल विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तिथे होती. पण जागा भरलेल्या होत्या. नव्या विद्यार्थिनीला टेबल नव्हतं. तेव्हा तिथे काम करणाऱ्या डेरेक रिक्टर यांनी आपलं टेबल तिला दिवसा वापरायला देऊ केलं. मी रात्री काम करीन, तू दिवसा कर, असा त्यांचा तोडगा होता, असं सांगतात.

मैत्रिणींनो, इथे बंगळूर आणि केंब्रिज शेजारी ठेवून बघा. बंगळूरला मुलीला सांगितलं गेलं, गरज पडली तर तू रात्री काम कर. केंब्रिजला एक पुरुष म्हणाला, रात्री मी काम करतो. रिक्टर यांच्याकडे संचालकाचा अधिकार नव्हता की नोबेल पारितोषिक नव्हतं. एक टेबल होतं, ते त्यांनी अर्धं दिलं. मोठं भाषण केलं नाही. विद्यार्थ्याला आधार द्यायला पद मोठं असावं लागतं असं नाही, हे या टेबलावरून कळतं.

रिक्टर पुढे दुसरीकडे गेले, तेव्हा रॉबिन हिल यांनी कमलाबाईंना आपल्यासोबत घेतलं. ते वनस्पतींवर काम करत. बटाट्यावर प्रयोग करताना कमलाबाईंना सायटोक्रोम सी हे द्रव्य सापडलं. पेशीला अन्नापासून ताकद मिळते त्या क्रियेतला हा एक महत्त्वाचा दुवा. तो वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे त्यांच्या कामानं दाखवलं. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा. तेवढ्यावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. सहा वर्षांपूर्वी ज्या मुलीमुळे वातावरण बिघडेल अशी धास्ती होती, तीच ही मुलगी.

आता प्रश्न असा, की ज्यांना आधार मिळाला त्यांनी पुढे काय केलं.

बाबासाहेब स्वतः १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, असं मुलांना आधी वाटलं. पुढे त्याच वर्गात बाहेरच्या कॉलेजांतली मुलं येऊन बसू लागली. तिथल्या काही प्राध्यापकांनी मात्र त्यांनी त्यांच्या माठातलं पाणी पिण्याला हरकत घेतली होती. पाण्याच्या माठापासून ज्याला दूर ठेवलं, त्यानं नंतर कॉलेजंच उभी केली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्याही कितीतरी घरांतली पहिली पदवी मिलिंदच्या वर्गातून आली. दलित साहित्याची मोठी चळवळ त्याच आवारात रुजली, आणि म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक तिथे मुलांच्या हाती लेखणी देत होते. हे दोघेही मूळचे नागपूरचे, म्हणजे आपल्या शेजारचे.

आपल्या शिक्षकांना बाबासाहेब विसरले नाहीत. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठानं त्यांना सन्मानाची पदवी दिली. त्या प्रवासात त्यांना आपले जुने प्राध्यापक जॉन ड्यूई यांना भेटायचं होतं. ते वाटेत असतानाच ड्यूई वारले. माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती हळहळ कळवली, आणि आपल्या बौद्धिक आयुष्याचं सगळं ऋण ड्यूई यांच्याकडे असल्याचं लिहिलं. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष राहिलेला, एकसष्ट वर्षांचा माणूस आपल्या शिक्षकाची भेट हुकली म्हणून हळहळतो. शिक्षकाच्या पदरात याहून मोठं काय पडावं?

कमलाबाईही देशात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात आणि कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत काम करून त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत आल्या आणि तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाची धुरा त्यांनी घेतली. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी काम केलं ते नीरेवर, कडधान्यांवर, म्हणजे गरिबाला परवडेल अशा पोषणावर. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. एके काळी संचालकाच्या दारात ज्यांना अडवलं गेलं, त्या स्वतः संचालकाच्या खुर्चीवर बसल्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. भंडाऱ्याची कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. ते विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावानं ओळखलं जातं. म्हणजे बाबासाहेबांना लंडनमध्ये डी.एस्सी. मिळाली, त्याच साली आपल्या भागातल्या मुलांसाठी विद्यापीठाचं दार उघडलं. आज आपल्या तालुक्यांत कॉलेजं आहेत, मुलींची संख्याही चांगली आहे. पण बी.ए., बी.एस्सी.नंतर पुढे जायची वेळ आली की वर्ग विरळ होतात.

अशा वेळी शिक्षकाचा आधार म्हणजे काय? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ आली हे वेळेवर सांगणं. रोवणीच्या दिवसांत मुलगी आठ दिवस वर्गात आली नाही तर नाव कापायच्या आधी कारण विचारणं. नागपूरला मुलाखत असेल तर कोणती गाडी पकडायची, कोणाला भेटायचं हे सांगणं. आणि एखाद्या दिवशी तिच्या आई-वडिलांना कॉलेजात बोलावून दोन खुर्च्या देऊन बसवणं आणि म्हणणं, तुमची मुलगी हुशार आहे, तिला शिकू द्या. सेलिग्मन यांनी पत्र लिहिलं ते इंग्रजीत. आपल्या सरांनी, मॅडमनी हे तोंडी सांगितलं तरी ते शिफारसपत्रच.

पण एक गोष्ट कमलाबाईंच्या चरित्रातून शिकायची आहे. चांगला माणूस भेटेल या भरवशावर मुलींचं शिक्षण सोडता येत नाही. त्यांना रिक्टर भेटले म्हणून टेबल मिळालं. नसते भेटले तर? म्हणून नियम लागतात, आणि ते आपल्याला माहीत असावे लागतात. पीएच.डी. करणाऱ्या मुलींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत. प्रबंध पुरा करायला स्त्रियांना नेहमीच्या मुदतीपेक्षा दोन वर्षं जास्त मिळू शकतात. संशोधनाच्या काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्वाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळू शकते. लग्नामुळे गाव बदललं तर ठरलेल्या अटी पाळून संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी किती असावेत यालाही मर्यादा आहे. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. हेतू असा की प्रत्येकीला वेळ मिळावा.

आणि मार्गदर्शकाच्या नावाखाली कोणी त्रास देत असेल, नको ते बोलत असेल, कामाशिवाय एकटीला बोलावत असेल, तर तो आधार नव्हे. त्यासाठी प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. तसे नियम आयोगानं २०१५ मध्ये काढले आहेत. समितीत कोण आहे ते कॉलेजात लावलेलं असायला हवं. नसेल तर विचारा. मुलीला विचारायला संकोच वाटत असेल तर आईनं विचारावं. गाइडच्या हातात विद्यार्थिनीचं भविष्य असतं, म्हणूनच त्या हातावर नियमाचं बंधन लागतं.

नियम असला की सगळं झालं असंही नाही. मेंटॉरची वही भरलेली असते, सह्या असतात, आणि मुलीला आपल्या मेंटॉरचं नावही माहीत नसतं, असंही होऊ शकतं. नियम दार उघडं ठेवतो, पण आत आलेल्या मुलीला बसायला जागा करून देणं हे माणसाचंच काम राहतं. मुलींना माझं सांगणं आहे की तुम्हीही लाजू नका. भीमरावांनी सेलिग्मन यांना प्रश्न विचारला म्हणून उत्तर मिळालं. कमलाबाईंनी नकाराचं कारण विचारलं म्हणून दार उघडलं. या आठवड्यात कॉलेजात जाल तेव्हा आपला मेंटॉर कोण हे शोधून काढा, आणि त्यांना एक तरी प्रश्न विचारा. पुढच्या परीक्षेचा असो, शिष्यवृत्तीचा असो, की पुढे काय शिकू असा असो.

आणि ज्या शिक्षिका, प्राध्यापिका हे ऐकत आहेत, त्यांच्यासाठी एवढंच. तुमच्याकडे मोठा निधी नसेल, मोठं पद नसेल. पण एक पत्र लिहिता येतं. मत पटलं नाही तरी विद्यार्थिनीच्या कामापुढे आपलं नाव ठेवता येतं. आणि टेबल एकच असेल तर ते अर्धं देता येतं.